दारावरचं लेबल एक सांगतंय, गाडी दुसरंच करतेय : फोर्ड रेंजरचे कोड वाचायला मदत हवी

एडिसनचा_बंड्या (धागाकर्ता) · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपूर्वी एक जुनी फोर्ड रेंजर घेतली. १९९९ चं मॉडेल, ३.० लिटर व्ही६, सुपरकॅब, ऑटोमॅटिक. आमच्या मंडळाचं गणपतीचं मखर, सतरंज्या, स्पीकर हे दरवर्षी कोणाकोणाच्या गाड्यांतून न्यायचं म्हणजे फोनवर फोन. म्हटलं एकदाचा आपलाच छोटा ट्रक असू दे. बायकोने तिचं नाव 'कैरी' ठेवलंय.

घेतल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात गाडी चालता चालता बंद पडू लागली. मेकॅनिकने निदान केलं की इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे पीसीएम, गेलाय. नवा मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मग जुने दुरुस्त करून विकणाऱ्या एकाला फोन केला. त्याने विचारलं, "कॅलिब्रेशन कोड सांगा." मी म्हटलं, तो कुठे असतो? "ड्रायव्हरच्या दारावर." मी दार उघडून दिसलं ते सगळं वाचून दाखवलं. चार दिवसांत खोकं घरी आलं.

बसवल्यावर गाडी सुरू झाली, पण भसभस पेट्रोल पिते. सायलेन्सरपाशी वास येतो, आयडलला थरथरते, आणि चेक इंजिनचा दिवा लागून राहिलाय. कोड दोन : पी०१७२ आणि पी०१७५. विक्रेता म्हणतो, "तुम्ही दिलेल्या कोडप्रमाणेच पाठवलंय, परत घेणार नाही." मेकॅनिक म्हणतो, आता इंजेक्टर बदलू. न्यू जर्सीच्या इन्स्पेक्शनची मुदत या महिनाअखेरीस संपतेय, आणि दिवा लागलेला असला की गाडी नापास.

लेबलच्या तळाशी असलेलं जसंच्या तसं लिहितोय :
बाहेरचा रंग – वायझेड. डीएसओ – कोरं. डब्ल्यूबी – १२६. पुढे ब्रेक, आतली ट्रिम, टेप, रेडिओ, ॲक्सल, टीआर, एसपीआर अशी घरं आहेत, त्यात एकेक-दोनदोन अक्षरं. व्हिन नंबरचं (गाडीचा १७ अक्षरी ओळखनंबर) आठवं अक्षर यू, दहावं एक्स, अकरावं पी. शेजारी दुसरी छोटी पट्टी आहे, तिच्यावर कॅलिब्रेशनचा नंबर आणि शेवटी 'आर'ने सुरू होणारा तुकडा.

यातलं काय कामाचं, काय बिनकामाचं? आणि चूक कुठे झाली असेल?

---

धागापाल · रविवार, रात्री ९:५८

बंड्या, फोटोतले व्हिनचे शेवटचे सहा अंक झाकले आहेत. पूर्ण नंबर कोणीच इथे टाकू नये, तो वापरून लोक भलत्या गाडीचे कागद बनवतात. बाकी चालू द्या.

---

ग्रीस_आणि_गप्पा · सोमवार, सकाळी ७:१५

निगडीत गॅरेज आहे, फोर्ड रेंजर आयुष्यात पाहिली नाही. पण इंजेक्टरला लगेच हात लावू देऊ नका. पी०१७२ म्हणजे पहिल्या बाजूला मिश्रण गरजेपेक्षा दाट, पी०१७५ म्हणजे तेच दुसऱ्या बाजूला. एखादा इंजेक्टर गळत असता तर एकच बाजू बोंबलली असती. दोन्ही बाजू एकदम दाट, तेही कॉम्प्युटर बदलल्या दिवसापासून, म्हणजे दोष दोन्हीकडे सारखाच पोचतोय. कॉम्प्युटरला वाटतंय ते इंजिन वेगळं आणि समोर आहे ते वेगळं.

आमच्याकडे डिझेलवाल्यांना हा अनुभव रोजचा. कॉमन रेलच्या इंजेक्टरच्या डोक्यावर कोड कोरलेला असतो, बॉशचा असेल तर सहा-सात अक्षरांचा. प्रत्येक नग कारखान्यात तपासून, तो किती कमी-जास्त फवारतो ते त्या कोडात बांधलेलं असतं. नवा इंजेक्टर टाकला आणि कोड स्कॅनरने ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरला नाही, तर गाडी ठोकते, धूर काढते. गिऱ्हाईक म्हणतं नवीन पार्ट डुप्लिकेट निघाला. पार्ट ओरिजिनलच असतो हो, ओळख करून द्यायची राहिलेली असते.

---

मिशिगनची_माई · सोमवार, सकाळी ८:३० (डेट्रॉइटची वेळ)

बंड्या, मी या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

दारावरचं मोठं लेबल हे सर्टिफिकेशन लेबल. वरच्या भागात बनवणाऱ्याचं नाव, महिना-वर्ष, गाडीचं भरलेलं कमाल वजन, पुढच्या-मागच्या आसावर किती भार चालेल ते, टायरचा आकार आणि हवा. मग एक लांबलचक वाक्य, की ही गाडी वर दिलेल्या तारखेला लागू असलेल्या संघीय सुरक्षा मानकांनुसार आहे. मग व्हिन आणि गाडीचा प्रकार. इथवरचं कायद्याने बंधनकारक. प्रत्येक कंपनीच्या लेबलवर हे सापडेल.

तळाची चौकटींची ओळ मात्र फोर्डची घरगुती भाषा. डब्ल्यूबी म्हणजे दोन आसांमधलं अंतर, इंचांत. १२६ म्हणजे सुपरकॅब, बरोबर. डीएसओ म्हणजे खास मागणीवर बनवलेली गाडी, पोलीस खातं किंवा कंपन्यांच्या ताफ्यासाठी. साध्या गिऱ्हाइकाच्या गाडीला ते कोरंच असतं. टीआर म्हणजे गिअरबॉक्स, एसपीआर म्हणजे पुढच्या-मागच्या स्प्रिंगा. ॲक्सलचं घर फार उपयोगी : फोर्डच्या ट्रकांत बहुधा दोन्ही आकडे असले तर साधा डिफरन्शियल, आणि एक अक्षर-एक आकडा असला तर लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा) किंवा लॉकवाला. एफ-१५० मध्ये १९ म्हणजे ३.५५ चा साधा, एच९ म्हणजे त्याच गुणोत्तराचा लिमिटेड स्लिप. भंगारवाल्याकडून मागचा ॲक्सल घेताना हे दोन ठसे पाहिले की गाडीखाली सरपटत जाऊन दाते मोजायला नकोत.

आता कॅलिब्रेशनची पट्टी. त्या काळच्या रेंजर-एक्सप्लोररला ती ड्रायव्हरच्या दारावर किंवा दाराच्या खांबावर असायची. तिच्यावर इंजिनाचा कोड, कॅलिब्रेशनचा मूळ नंबर आणि शेवटी सुधारणेची पातळी, तुझा तो 'आर'वाला तुकडा. तोच ट्रक, तेच इंजिन, पण ऑटोमॅटिक-मॅन्युअल, कॅलिफोर्नियासाठी की इतर राज्यांसाठी, यावरून इंधन किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची याचे तक्ते बदलतात. म्हणून फोर्डच्या वर्कशॉपच्या पुस्तकात बजावलेलंच असायचं की पार्ट मागवताना इंजिन कोड आणि कॅलिब्रेशन नंबर दोन्ही सांगा.

तुझ्या विक्रेत्याने प्रश्न बरोबर विचारला. उत्तर कुठे चुकलं ते शोधायचंय. एक सांग, विकत आलेल्या पीसीएमच्या स्वतःच्या स्टिकरवर काय आहे? पार्ट नंबरच्या मधल्या तुकड्यात १२ए६५० असेल, तो फोर्डचा इंजिन कॉम्प्युटरचा कायमचा नंबर. त्याच्या पुढचा तुकडा कोणत्या सालचं आणि कोणत्या गाडीसाठीचं डिझाइन ते सांगतो, मागचा तुकडा आवृत्ती. शिवाय मोठ्या ठशात चार अक्षरांचा एक कोड असेल. भंगार बाजारात तोच चालतो.

---

हातखंबा_नाका · सोमवार, दुपारी १:०५

माईंचा प्रतिसाद वाचून खाली जाऊन आमच्या गाडीचं दार उघडलं. टायरमध्ये हवा किती भरायची तेवढंच आहे. फसवणूक झाली काय?

---

निवृत्त_चाचणीवाला · सोमवार, दुपारी ३:२०

फसवणूक नाही. पद्धत वेगळी.

आपल्याकडे गाडी बाजारात येण्यापूर्वी तिचा नमुना एआरएआय, आयकॅट अशा वाहन-चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम. मान्यता मिळाली की मग उत्पादन, आणि पुढेही कारखान्यातून गाड्या उचलून पडताळणी होते. आयुष्याची बरीच वर्षं मी त्याच कागदांत घालवली. अमेरिकेत उलट. तिथे कंपनी स्वतःच जाहीर करते की आमची गाडी नियमांत बसते, आणि ते जाहीर करण्याची जागा म्हणजे हे दारावरचं लेबल. सरकार नंतर बाजारातून गाडी उचलून तपासतं. म्हणून तिथे लेबल हे कायद्याने महत्त्वाचं कागदपत्र, आणि इथे आरसी.

हातखंब्याच्या पाहुण्यांसाठी : चासी नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष गाडीवर ठोकलेला असावा असा आपला १२२ वा नियम आहे. नंबर १७ अक्षरांचाच. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची : एमए३ मारुती सुझुकी, एमएटी टाटा मोटर्स, एमए१ महिंद्रा, एमडी२ बजाज ऑटो. महिन्याचं अक्षर कुठल्या जागी येतं ते मात्र कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारा एकच तक्ता सगळ्यांना लावू नका. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतो, तो पाहा. जानेवारीत नोंदणी झालेली गाडी आदल्या ऑक्टोबरात बनलेली असू शकते, आणि जुन्या गाडीच्या सौद्यात तेवढ्यावर किंमत हलते.

---

वैदेही_सॅनहोजे · सोमवार, रात्री ११:४५

काकांचं अर्धं पटलं, अर्ध्याला दुरुस्ती सुचवते.

स्वतःच जाहीर करण्याची मुभा फक्त सुरक्षेपुरती. धुराच्या बाबतीत तसं नाही. तिथे विकण्याआधी ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं, प्रमाणपत्र लागतं. म्हणूनच गाडीवर दोन वेगळी लेबलं आणि दोघांचे धनी वेगळे : दारावरचं रस्ता-सुरक्षा खात्याच्या नियमाचं, बॉनेटखालचं धुराच्या नियमाचं. बंड्या, तू दुसऱ्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस. बॉनेट उघड. रेडिएटरच्या वरच्या पट्टीच्या आसपास चिकटवलेलं असेल. त्यावर 'इंजिन फॅमिली' म्हणून १२ अक्षरांचा कोड असतो.

तो वाचायला अगदी सोपा. पहिलं अक्षर मॉडेल वर्ष. पुढची तीन कंपनीची, फोर्डसाठी एफएमएक्स. मग वाहनाचा वर्ग, मग इंजिनाचं आकारमान दशांशासकट, मग अनुक्रम. १८ सप्टेंबर २०१५ ला ईपीएने फोक्सवॅगनला धूर-चाचणी चुकवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल जी नोटीस धाडली, तिच्यात गाड्या याच कोडांनी मोजल्या होत्या. २००९ ची एक ओळ होती ९व्हीडब्ल्यूएक्सव्ही०२.०३५एन. नऊ म्हणजे २००९, मध्ये ०२.० म्हणजे दोन लिटर. २०१५ ची सुरुवात एफने, कारण एफ म्हणजे २०१५. अमेरिकेतल्या सुमारे ४ लाख ८२ हजार डिझेल गाड्या अशा थोड्याशा ओळींत मावल्या. त्या सगळ्यांच्या बॉनेटखाली 'नियमांत बसते' असं लिहिलेलंच होतं. फरक होता तो कॅलिब्रेशनमध्ये, आणि ते स्टिकरवर दिसत नाही.

म्हणूनच आता आमच्या कॅलिफोर्नियात स्मॉग चेकला (धुराच्या तपासणीला) नुसतं लेबल पाहून भागत नाही. १९ जुलै २०२१ पासून तपासणीचं यंत्र गाडीच्या कॉम्प्युटरला विचारतं : तुझा कॅलिब्रेशनचा नंबर काय, आणि त्या सॉफ्टवेअरची बेरीज किती? ही बेरीज आठ ठशांची असते, त्यांना सीव्हीएन म्हणतात. कोणी जास्त ताकदीसाठी आतले तक्ते बदलले असतील, तर नंबर तोच राहिला तरी बेरीज जुळत नाही. मूळ कंपनीचं किंवा राज्याने मंजूर केलेलं सॉफ्टवेअर नसेल तर गाडी नापास.

तुझ्या १९९९ च्या गाडीत हे मिळण्याची आशा धरू नकोस. ओबीडीचा, म्हणजे स्कॅनर जोडून दोष वाचायचा, सॉकेट १९९६ पासून सगळ्यांना आहे, पण कॉम्प्युटरने स्वतःचा व्हिन सांगायची सक्ती पुष्कळ नंतरची. मात्र फोरस्कॅन हा प्रोग्रॅम फोर्डच्या जुन्या कॉम्प्युटरांशीही बोलतो. लॅपटॉप आणि स्वस्तातला ॲडॅप्टर असेल तर पीसीएममध्ये नेमकं कोणतं कॅलिब्रेशन आहे ते दिसेल.

---

निवृत्त_चाचणीवाला · मंगळवार, सकाळी ६:५०

वैदेही, दुरुस्ती मान्य. सुरक्षा आणि धूर मी एकाच पोत्यात भरले, ही आमची जुनी खोड, कारण इथे दोन्हीच्या फायली एकाच टेबलावरून जायच्या.

---

हातखंबा_नाका · मंगळवार, सकाळी १०:१०

धुराचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे इथेनॉल घातलेलं पेट्रोल आल्यापासून माझ्या स्कूटरचं ॲव्हरेज

---

धागापाल · मंगळवार, सकाळी १०:१२

इथेनॉलसाठी वेगळा धागा आहे, ६०० प्रतिसाद झालेत, तिकडे जागा आहे. इथे लेबल.

---

एडिसनचा_बंड्या · मंगळवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. गृहपाठ करून आलोय.

१) रस्ता-सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर व्हिन टाकला. उत्तर : १एफटी म्हणजे फोर्डचा अमेरिकेतला ट्रक, वाय म्हणजे कमाल वजन ४००१ ते ५००० पौंडांतला, आर१४ म्हणजे दोनचाकी ड्राइव्हची सुपरकॅब रेंजर, यू म्हणजे ३.० पेट्रोल, एक्स म्हणजे १९९९, पी म्हणजे मिनेसोटातल्या सेंट पॉलचा ट्विन सिटीज कारखाना. म्हणजे माझी कैरी मिनेसोटाच्या बर्फातली.

२) आलेल्या पीसीएमवरचा चार अक्षरांचा कोड विक्रेत्याने तपासला. यू इंजिन, ऑटोमॅटिक, सगळं जुळतंय म्हणतो.

३) बॉनेटखालचं लेबल तेलकट आहे, टॉर्च तिरका धरून वाचलं. एक्सएफएमएक्सटी०३.० आणि पुढचं पुसट. पण खाली इंधनाच्या ओळीत पेट्रोलबरोबर इथेनॉलचंही नाव आहे. हे काय प्रकरण?

---

मिशिगनची_माई · बुधवार, सकाळी ७:०५

बंड्या, थांब थांब.

कैरी हिरवी असते ना? तुझी गाडी कोणत्या रंगाची आहे?

वायझेड हा फोर्डचा ऑक्सफर्ड व्हाइट. पांढराशुभ्र. पहिल्या दिवशी तू तो कोड लिहिलास आणि मी गिअरबॉक्स-स्प्रिंगा शिकवत बसले, माझंही लक्ष गेलं नाही.

आता असं कर. दार बंद कर. बाहेर उभा राहून ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेतून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बघ. पत्र्याच्या पट्टीवर व्हिन असतो. तो, गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा, आणि दारावरचा, तिन्ही शेजारी शेजारी लिही. एकेक अक्षर.

---

एडिसनचा_बंड्या · बुधवार, संध्याकाळी ६:२०

माई, तुम्हाला साष्टांग.

गाडी गडद हिरवी. आणि नंबर जुळत नाहीत!

नोंदणीचा कागद आणि डॅशबोर्ड दोन्हीकडे एकच : १एफटी वायआर१४ व्ही, मग एक्स, मग परत एक्स, मग टी. दारावर वायआर१४ यू. सुरुवातीची सात अक्षरं तंतोतंत सारखी, म्हणून मला कधी संशयच आला नाही. काचेतून वाकून वाचण्यापेक्षा दार उघडून वाचणं सोपं, म्हणून प्रत्येक वेळी दारावरचाच नंबर दिला. संकेतस्थळालाही, विक्रेत्यालाही.

ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "हो, अपघातात दार गेलं होतं. भंगारातून दुसरं आणून रंगवून बसवलं." बाहेरून रंगवलं, आतली लेबलं तशीच ठेवली.

दोन एक्स कसे काय? छपाईची चूक?

---

ग्रीस_आणि_गप्पा · बुधवार, संध्याकाळी ६:४० (तुमच्या वेळेने)

पहाटे चहा घेताना वाचलं, कपातला अर्धा चहा खाली. दार एकाचं, धड दुसऱ्याचं! गणपतीच्या गाडीला शोभतंय.

---

वैदेही_सॅनहोजे · बुधवार, रात्री ९:१५

छपाईची चूक नाही. दोन एक्सचे अर्थ वेगळे.

नववं अक्षर पडताळणीचं. प्रत्येक अक्षराला एक किंमत (ए म्हणजे १, बी म्हणजे २ असं, आकडे आहेत तसेच), प्रत्येक जागेला एक वजन : ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, मग नवव्या जागेला शून्य, मग ९, ८, ७ करत २ पर्यंत. गुणाकारांची बेरीज करायची, ११ ने भागायचं, बाकी उरेल ती नवव्या जागी. बाकी १० उरली तर एका जागेत मावत नाही म्हणून एक्स. दहाव्या जागेचा एक्स म्हणजे १९९९, त्याचा याच्याशी संबंध नाही.

गंमत करून बघायची असेल तर सतराच्या सतरा जागी १ लिहा. वजनांची बेरीज ८९, आठ अकरे अठ्ठ्याऐंशी, बाकी एक, आणि नवव्या जागीही एकच! म्हणजे ओळीने सतरा एक हा 'बरोबर' नंबर ठरतो. एस आणि ५, बी आणि ८ यांची गल्लत ही पडताळणी पकडते. आय, ओ, क्यू तर वापरायलाच बंदी, एक आणि शून्यासारखे दिसतात म्हणून. पण बंड्यासारखं दुसऱ्याच गाडीचा अस्सल नंबर वाचला तर ती काय पकडणार? तो नंबर खराच होता.

आणि हो, दहाव्या जागेचं चक्र ३० वर्षांनी फिरतं. ए म्हणजे १९८० किंवा २०१०. १ ते ९ आकडे २००१ ते २००९ ला. २०२५ चं अक्षर एस, जे १९९५ चंही होतं.

---

मिशिगनची_माई · गुरुवार, सकाळी ७:३०

आठव्या जागी व्ही म्हणजे तीच ३.० लिटरची व्ही६, पण फ्लेक्स-फ्युएल. साधं पेट्रोल किंवा ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल, दोन्हीवर चालणारी. बॉनेटखालचं लेबल तुला खरं सांगत होतं, कारण बॉनेटखाली कोणी काही बदललं नव्हतं.

इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी. ई८५ च्या गॅलनात पेट्रोलपेक्षा साधारण पाव भाग कमी निघते. तेवढं काम करून घ्यायला इंधन जास्त सोडावं लागतं, म्हणून त्या गाडीचे इंजेक्टर मोठ्या तोंडाचे. आता त्यांच्यावर तू पेट्रोलच्या ट्रकाचा कॉम्प्युटर बसवलास. तो आपल्या तक्त्याप्रमाणे झडप ठरावीक वेळ उघडतो, पण मोठ्या तोंडातून जास्त इंधन पडतं. दोन्ही बाजूंना. ग्रीसभाऊंनी सोमवारीच सांगितलं होतं. मेकॅनिकच्या म्हणण्यावरून पेट्रोलचे इंजेक्टर बसवले असतेस तर गाडी कदाचित चाललीही असती, आणि पुढच्या मालकाने असाच एक धागा काढला असता.

आता व्ही इंजिन आणि ऑटोमॅटिकसाठीचा पीसीएम माग. तुझ्या खऱ्या दाराबरोबर तुझी कॅलिब्रेशनची पट्टी गेली, पण जळालेला जुना पीसीएम टाकून दिला नसशील तर त्याच्यावरचा चार अक्षरांचा कोड हाच तुझा पुरावा. तोच जुळव.

आणखी दोन गोष्टी. दारावरचं लेबल रागाच्या भरात खरवडू नकोस. व्हिन असलेलं लेबल काढणं किंवा बदलणं हा संघीय गुन्हा ठरू शकतो. दार बदलल्याची पावती किंवा जुन्या मालकाचं पत्र गाडीत ठेव, आणि बदली लेबलाबद्दल डीलरकडे विचार. दुसरं, त्या लेबलवरचं कमाल वजन तुझ्या गाडीचं नाही. १९९९ च्या गाडीला 'माणसं आणि सामान मिळून इतके पौंड' असं सोपं लेबलही नसतं, ते नंतर आलं. मखर भरण्याआधी ट्रक-स्टॉपवरच्या वजनकाट्यावर रिकामी गाडी तोलून घे, आणि कमाल आकडा खऱ्या व्हिनवरून डीलरला विचार.

---

हातखंबा_नाका · गुरुवार, सकाळी ११:००

म्हणजे शेवटी इथेनॉलच निघालं. धागापाल, माझा प्रतिसाद परत आणा.

---

एडिसनचा_बंड्या · काही दिवसांनी, शनिवार, दुपारी ४:१०

उशिरा कळवतोय, माफी.

जुना पीसीएम मेकॅनिकच्या कपाटात होता. चार अक्षरी कोड वाचून विक्रेत्याला पाठवला, आणि झालेला घोळही प्रामाणिकपणे सांगितला. त्याने फक्त पाठवणीचे पैसे घेऊन बदलून दिला. पहिल्या दिवशी त्याच्यावर चिडलो होतो ते शब्द मागे घेतो. गाडी आता सुतासारखी चालते. फोरस्कॅनवर बघितलं, दोन्ही बाजूंचं मिश्रण ठीक. परवा इन्स्पेक्शन पास.

आणि अकराव्या जागेचा तो टी! मी मिनेसोटा-मिनेसोटा करत होतो. टी म्हणजे एडिसन, न्यू जर्सी. फोर्डचा कारखाना इथेच रूट १ वर होता, १९४८ पासून २००४ पर्यंत. मी २००९ ला इथे आलो, मला पत्ताच नव्हता. आता तिथे दुकानं आणि पार्किंग आहे. आज मंडळाच्या प्रसादासाठी साखर-तांदळाची पोती आणायला तिकडेच गेलो होतो, तेव्हा कैरीला त्या पार्किंगमध्ये उभी करून फोटो काढला. खाली जोडलाय.

---

मिशिगनची_माई · शनिवार, दुपारी ४:४५

छान दिसतेय. माहेरी आली म्हणायची.

---

ग्रीस_आणि_गप्पा · रविवार, सकाळी ७:०० (आमच्या वेळेने)

फोटो मोठा करून पाहिला. मागची चाकं दबलेली आहेत. पोती जास्त आहेत की हवा कमी? आणि हवा भरताना आकडा कुठल्या लेबलवरचा घेतला होता?

---

एडिसनचा_बंड्या · शनिवार, रात्री ९:५०

...दारावरचा.